अंगणवाडीताई शिक्षिका कधी ठरणार?

महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत जिल्हा परिषदेची शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात भरतात. मधे एक भिंत, फार तर एक व्हरांडा. भिंतीच्या अलीकडे पहिलीचा वर्ग. तिथल्या गुरुजींनी किंवा बाईंनी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घेतलेली असते, शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली असते. नोकरीची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. पण त्या मानधनाला शेवट असतो, पुढे वेतनश्रेणी लागते. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि या दोन्हींसाठी ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट. भिंतीच्या पलीकडे तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस मुले आणि एक सेविका. तिचे मानधन निवृत्तीपर्यंत मानधनच राहते. तीस वर्षे मुलांत काढली तरी ती कागदोपत्री मानसेवी कार्यकर्तीच. जून उजाडला की तिच्याकडची मोठी मुले व्हरांडा ओलांडून पहिलीत बसतात आणि त्या दिवसापासून त्यांना शिकवणे हा एकाएकी व्यवसाय ठरतो. मार्चपर्यंत तेच काम समाजसेवेच्या खात्यात जमा होते.

बालशिक्षणाचा विषय निघाला की सरकारी कागदपत्रांत आणि चर्चासत्रांत एक क्रम गृहीत धरलेला दिसतो. आधी सेविकांना प्रशिक्षण द्यावे, त्यांची गुणवत्ता वाढवावी, मग त्या व्यावसायिक मान्यतेला पात्र होतात का ते पाहावे. ऐकायला हे रास्त वाटते. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत बालशिक्षणाच्या प्रशिक्षणावर झालेला खर्च बऱ्याच अंशी मुरून जाण्याचे कारण त्यात आहे. ज्या कामाला पद नाही, वेळ नाही आणि पुढची पायरी नाही, त्या कामाचे प्रशिक्षण कितीही चांगले दिले तरी ते टिकायला जागा नसते. मान्यता हे प्रशिक्षणाचे बक्षीस म्हणून शेवटी द्यायचे नसते. प्रशिक्षण रुजण्याची ती पहिली अट असते.

आपल्याकडे तरी हे सहज सुचायला हवे होते, कारण बालशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याचे स्वतंत्र शास्त्र शिकावे लागते, हा विचार पश्चिम भारतात शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला आणि करूनही दाखवला गेला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले आणि पाचच वर्षांत त्याला जोडून अध्यापन मंदिर काढले. मुलांची शाळा आणि शिक्षिकांची शाळा एकमेकींना लागून असल्या पाहिजेत, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखले होते. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे मराठीत 'शिक्षणपत्रिका' निघू लागली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. हे सारे शहरी, मध्यमवर्गीय जगात चालले होते, आणि ताराबाईंना ते खुपत होते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि वस्तीतली मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने वस्तीत जावे, अशी कल्पना प्रत्यक्षात आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, बांबू, मातीचे मणी यांतून साधने तयार झाली. कौतुक सहसा या साधनांचे होते. त्याहून कमी बोलले जाते ते हे, की कोसबाडचा सगळा डोलारा गावातल्या, कमी शिकलेल्या बायकांना दीर्घकाळ सोबत ठेवून शिक्षिका म्हणून घडवण्यावर उभा होता. प्रशिक्षण तिथे कामाच्या आधी उरकण्याची गोष्ट नव्हती. ते कामाबरोबर चालत राहायचे.

ब्रिटिश सरकारच्या १९४४ च्या सार्जंट अहवालातही तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी दहा लाख जागांची, त्याही मोफत, शिफारस होती आणि त्यांना शिकवणाऱ्या स्त्रिया खास प्रशिक्षित असाव्यात असे म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. त्यात सहाच्या खालची मुले वगळलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या शिक्षणाला मूलभूत हक्क केले आणि सहाच्या आतल्यांसाठी राज्य प्रयत्न करील, एवढेच आश्वासन मागे ठेवले. शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार करू शकते असे आहे. केलीच पाहिजे असे नाही. कायद्याची रेघ सहाव्या वर्षावर ओढली गेली आणि शिक्षकी पेशाची रेघही तिथेच येऊन थांबली.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली होती. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर लहान मुलांपर्यंत पोचणारी व्यवस्था क्वचितच असेल आणि तिचे श्रेय कुणी नाकारू नये. पण योजनेने सहा सेवा एका बाईच्या पदरात टाकल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. पहिल्या पाचांचा हिशेब रोज किंवा महिन्याला वर जातो. किती मुलांची वजने घेतली, किती आहार वाटला, घरी न्यायच्या आहाराची (टीएचआर) किती पाकिटे गेली, हे आकड्यांत मांडता येते. चार वर्षांच्या मुलीने आज पहिल्यांदा पूर्ण वाक्यात भांडण केले, याचा रकाना कुठल्याही नोंदवहीत नाही. मग वेळ कुठे जातो हे सांगायला नको. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे नोंदींचे मोबाइल ॲप आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले निकामी मोबाइल परत केले. त्यावर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, आणि २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज. प्रत्येक खात्याला गावात एक विश्वासू हात हवा असतो आणि तो हात मुलांच्या खोलीतून उसना घेतला जातो.

यावर एक शांत, समजूतदार आक्षेप असतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना सांभाळायला शास्त्र कशाला हवे? गाणी, गोष्टी, माया, एवढे पुरे. आई काय पदविका घेऊन मूल वाढवते? या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर खोलीत प्रत्यक्ष काय घडते ते बघायला हवे. एक मुलगा पन्नासपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखवतो. पालक खूश. त्याला सांगितले, 'सात चिंचोके दे', की तो ओंजळभर पुढे करतो. त्याला अंकांची माळ पाठ आहे, पण एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, या दोन कल्पना अजून आलेल्या नाहीत. दुसरीला त्या आल्या आहेत. पण पाच चिंचोके लांब पसरून ठेवले की तिला ते जास्त वाटतात. या दोघांना एकच 'अंकओळख' देऊन भागत नाही. हे ओळखायला बालमानसशास्त्रज्ञ प्याजेचे नाव माहीत असण्याची गरज नाही, पण मुलाची चूक कोणत्या टप्प्यावरची आहे हे वाचता यावे लागते. तसेच लिहिण्याचे. या वयात मनगटाची सगळी हाडे घट्ट झालेली नसतात, बोटांचे लहान स्नायू पेन्सिलीच्या पकडीला तयार नसतात. म्हणून मातीकाम, मणी ओवणे, कागद फाडणे हीच लेखनाची पूर्वतयारी. हे ज्याला ठाऊक नाही तो साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघांच्या वहीत 'अ' गिरवायला बसवतो आणि ते मूल आळशी आहे असा शेरा मारतो. घरी वारली, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीत गप्प बसते तेव्हा ते मागे आहे, घाबरले आहे की त्याला कानाने कमी ऐकू येते, या तीन शक्यता वेगळ्या करता याव्या लागतात. आणि हे सगळे तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच खोलीत असताना, त्यातल्या एखाद्याचे रडणे थांबवत. पहिली ते चौथीच्या शिक्षकाला एवढी बहुवर्ग कसरत करावी लागली तर आपण त्यावर परिसंवाद घेतो. आई हे सगळे करते असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आई एका मुलाला चोवीस तास ओळखते. सेविकेला पंचवीस मुलांना चार तासांत ओळखायचे असते. माया त्याला लागतेच. मायेने निदान होत नाही.

आता या ज्ञानासाठी आपण काय तरतूद केली ते पाहू. सेविकेसाठी ठरवलेले मुख्य सेवा प्रशिक्षण साधारण महिन्याभराचे, २६ कार्यदिवसांचे. त्यात आरोग्य, पोषण, लोकसहभाग, नोंदी हे सगळे कोंबलेले, त्यामुळे बालशिक्षणाच्या वाट्याला काही दिवसच येत. नंतर अधूनमधून पाच-सहा दिवसांचे उजळणी वर्ग. अलीकडे, मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा उपक्रम आणला. नावातूनच शिक्षणाला पोषणाच्या बरोबरीने बसवण्याचा हेतू दिसतो, मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रमही आला, आणि त्यातला खेळावर आधारलेला विचार चांगला आहे. पण सेविकेच्या वाट्याला आलेले प्रत्यक्ष प्रशिक्षण तीन दिवसांचे. तीन दिवसांत अभ्यासक्रमाची ओळख होते. तो हातात बसत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये याहून पुढचे सांगितले होते: बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, तीही काम सुरू ठेवून, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोनच्या आधारे, महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग घेऊन. बालशिक्षणासाठी व्यावसायिक शिक्षकांचा स्वतंत्र संवर्ग उभारण्याची गोष्टही त्याच धोरणात आहे, मात्र ती दीर्घ मुदतीत राज्यांनी करायची आहे. म्हणजे प्रशिक्षण आत्ता, मान्यता सावकाश. पुन्हा तोच क्रम.

हा क्रम चालत नाही याचा पुरावा आपल्याच व्यवस्थेत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदविकेचे निकष ठरवले आणि पूर्वप्राथमिक शिक्षकासाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका अशी पात्रताही सांगितली. कागदावर सगळे आहे. पण या क्षेत्रातला देशातला सर्वांत मोठा नियोक्ता म्हणजे अंगणवाडी, आणि तो ही पदविका मागतच नाही. महाराष्ट्रात सेविकापदासाठी बारावी उत्तीर्ण ही किमान अट आहे. पदविका असली तरी तिने मानधनात रुपयाचा फरक पडत नाही. मग दोन वर्षे आणि हजारो रुपये घालून ती कोण घेणार? विद्यार्थिनी नाहीत म्हणून महाविद्यालये नाहीत, महाविद्यालये नाहीत म्हणून प्रशिक्षकांना घडवणारे प्राध्यापक नाहीत. इग्नूची वर्षभराची पदविका आहे, एसएनडीटीसारख्या विद्यापीठांत मानवविकासाचे चांगले विभाग आहेत, ग्राममंगलसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे चिकाटीने शिक्षिका घडवल्या आहेत. पण हे सगळे काठावरचे राहते. मधली पोकळी भरतात ती तीन महिन्यांची खासगी प्रमाणपत्रे. त्यांपैकी अनेकांवर माँटेसरीचे नाव असते. त्या नावावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे खुद्द माँटेसरीबाईंनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची कसून घेतलेली पदविका आणि गल्लीतल्या क्लासचा कागद पालकांच्या नजरेला सारखेच दिसतात. प्राथमिक शिक्षकाच्या वरिष्ठ श्रेणीची अट इथे आठवावी. ते प्रशिक्षण फार प्रेरणादायी असते असे कुणी म्हणणार नाही, पण शिक्षक ते पूर्ण करतात, नोंद ठेवतात, त्याची चौकशी करतात, कारण त्याला पुढची पायरी जोडलेली आहे. सेविकेच्या प्रशिक्षणाला फक्त चहा-नाश्ता जोडलेला असतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र संशोधनाच्या बाजूने येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तमिळनाडूत गनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी ६४० अंगणवाड्यांमध्ये एक प्रयोग केला. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी, चिठ्ठी टाकून, फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली. तिला फार मोठी पात्रता लागत नव्हती, प्रशिक्षणही जुजबीच होते. दीड वर्षात शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची गणित आणि भाषेतली प्रगती स्पष्टपणे वाढली, आणि मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देता आल्यामुळे कुपोषणही घटले. खर्चाच्या तुलनेत होणारा फायदा संशोधकांनी कित्येक पटींचा काढला. मग आक्षेप असा: साध्या शिकलेल्या बाईने एवढे साधले, तर पदविका आणि वेतनश्रेणी हव्यात कशाला? अमेरिकेतूनही असाच सूर ऐकू येतो. २००७ मध्ये सात मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासली तेव्हा शिक्षकाची पदवी आणि मुलांची प्रगती यांत सरळ, भरवशाचे नाते सापडले नाही.

मी या दोन्ही निष्कर्षांना पूर्ण मान देतो, आणि मला ते माझ्या बाजूचे वाटतात. तमिळनाडूत नेमके काय बदलले? पात्रता बदलली नाही. कामाची ओळख बदलली. शिकवणे हेच तुझे काम, त्याचीच वेळ, त्याचाच मोबदला, असे पहिल्यांदा एका व्यक्तीला सांगितले गेले. व्यवसाय म्हणून मान्यता देणे याचा पहिला अर्थ हाच आहे. एवढ्याने इतका फरक पडत असेल, तर मान्यता आधी आणि प्रशिक्षण तिच्या आधाराने, हा क्रम बरोबर ठरतो. त्या प्रयोगातून प्रशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. शून्यावरून निघालेल्याला पहिली मजल झपाट्याने गाठता येते, पुढची मजल कशी गाठायची हा वेगळा प्रश्न आहे. दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ या वयात पाठपुरावा केला, त्यात ती पुढची मजल दिसते. पाचव्या वर्षीची तयारी पहिली-दुसरीतल्या यशाशी जोडलेली होती, पण बहुतेक मुले ती तयारी नसतानाच शाळेत दाखल होत होती. अंगणवाड्यांत शिकणे जवळपास नव्हते, आणि खासगी केंद्रांत होते ते घोकंपट्टीचे. वेळ देऊन पहिला दोष जातो. दुसरा जात नाही, कारण घोकंपट्टी करवून घेणाऱ्या बाईंकडे वेळ भरपूर असतो. उणीव असते ती मूल कसे शिकते याच्या जाणिवेची. पदवीचे म्हणाल तर अमेरिकेतल्या निष्कर्षाचा मथितार्थ एवढाच की कुठलीही पदवी चालणार नाही. बी. ए. असलेली व्यक्ती मातीचा गोळा घेऊन मुलांपुढे बसू शकेलच असे नाही. मिशिगनमधल्या इप्सिलांटीच्या पेरी प्रीस्कूलमध्ये, १९६० च्या दशकात, १२३ गरीब मुलांवर जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात मुले थोडी, शिक्षक पदवीधर आणि त्या वयाचे खास शिक्षण घेतलेले, आणि दर आठवड्याला घरभेटी. त्याचे फळ चाळिशीपर्यंत मोजले गेले. आपण त्या प्रयोगाचा परतावा भाषणात सांगतो, त्यातल्या शिक्षकांचा पगार सांगत नाही.

पुढचा आक्षेप सामाजिक आहे आणि मला तो संशोधनाच्या आक्षेपाहून अधिक जवळचा वाटतो. पात्रतेची अट वाढवली की पाड्यावरची बाई बाहेर पडेल आणि तालुक्याहून दुचाकीवर येणारी पदविकाधारक आत येईल. तिला मुलांची भाषा येणार नाही, तिचे मन बदलीच्या अर्जात असेल. प्राथमिक शाळांत हे झालेले आपण पाहिले आहे. म्हणून शिडी खालून वर बांधायला हवी, कोसबाडला बांधली तशी. आज कामावर असलेल्या सेविकेच्या अनुभवाला श्रेयांक मिळावेत. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र हे दोन वर्षांच्या पदविकेचा पहिला टप्पा मानले जावे, तेच धडे पुन्हा गिरवायला लावू नयेत. प्रत्येक टप्प्यावर मानधनात ठरलेली वाढ असावी. मदतनिसांमधून सेविका आणि सेविकांमधून मुख्यसेविका अशी निम्मी पदे पदोन्नतीने भरण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, ती चांगलीच आहे. पण मुख्यसेविका झाली की ती बीटमधल्या अंगणवाड्या तपासते, अहवाल गोळा करते, आणि मुलांच्या खोलीतून कायमची उठते. उत्तम शिकवणारीने मुलांतच राहून वर चढावे, नव्या सेविकांना आपल्या खोलीत बसवून शिकवावे, अशी जागा रचनेत कुठेच नाही. माझ्या मते ती एक जागा निर्माण करणे शंभर ऑनलाइन व्हिडिओंपेक्षा मोलाचे ठरेल.

पैशांचा आक्षेप उरतो. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेच्या मानधनाचा आपला दर ३,००० वरून ४,५०० रुपये केला आणि मग पुढची अनेक वर्षे त्याला हात लावला नाही. वरची भर राज्ये घालतात, म्हणून राज्याराज्यांत एकाच कामाचे दाम वेगळे. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत, ५२ दिवस चालला, त्यात वेतन आणि निवृत्तिवेतन याच मागण्या पुढे होत्या. सरकारी बाजू अशी की लाखो जणींना कर्मचारी मानले तर तिजोरी झेपणार नाही, आणि २००६ च्या अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच या नागरी सेवेतल्या पदधारक नाहीत असे म्हटले होते. ते खरे. पण त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या सेविकांना उपदान कायदा लागू केला, मानधन म्हटल्याने ते वेतन नसते असे होत नाही हे स्पष्ट केले, आणि त्या चालवत असलेल्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा दुवा शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमाशी जोडला. सगळे ओझे एका रात्रीत उचला असे कुणी म्हणत नाही. टप्प्याटप्प्याने, प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांपासून सुरुवात केली तर खर्च वर्षानुवर्षे वाटला जातो, आणि प्रत्येक वाढीव रुपयाच्या बदल्यात राज्याला एक अधिक तयार शिक्षिका मिळते. नुसत्या संपांच्या दडपणाखाली दोन-तीन वर्षांनी सरसकट वाढ देत राहण्यापेक्षा हा व्यवहार राज्यालाही परवडणारा आहे. आज सरसकट वाढ मिळते तेव्हा सर्वांत तळमळीची सेविका आणि कुलूप लावून जाणारी सेविका यांच्यात सरकार भेद करू शकत नाही, कारण भेद करायची कसोटीच त्याने तयार केलेली नाही.

व्यवसाय केला की अंगणवाडीची शाळा होईल, मग परीक्षा, गृहपाठ, गणवेश येतील, ही भीती काही बालशिक्षणप्रेमींना वाटते. खासगी क्षेत्राकडे पाहिले तर उलटे दिसते. तिथे शिक्षिकेची पात्रता कुणी तपासत नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि पात्रता सांगतात, पण ती बंधनकारक करणारी यंत्रणा दुबळीच राहिली, आणि तिथेच ज्युनियर केजीच्या मुलांना गृहपाठ आहे. फीमधला किती भाग शिक्षिकेपर्यंत पोचतो हे कोणी विचारत नाही. अनेक ठिकाणी तिची नोकरी जून ते एप्रिल एवढीच असते. आपल्या विषयातली जाणकार असलेली आणि नोकरी सुरक्षित असलेली शिक्षिकाच पालकांना सांगू शकते की तुमच्या मुलाला अजून लिहायला लावणार नाही. असुरक्षित बाई पालक म्हणतील ते गिरवून घेते.

हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही, कारण नव्या धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत स्तर मानला आहे आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळेला जोडून बालवाटिकेची कल्पना मांडली आहे. त्या वर्गावर कोण उभे राहणार, हे ठरवण्याचे नियम राज्ये लिहिणार आहेत. ते शिक्षण विभागाने एकट्याने लिहिले तर डी. एल. एड. झालेला, पण चार वर्षांच्या मुलासोबत एक दिवसही न काढलेला उमेदवार तिथे येईल. सेविकेकडे तीन-चार वर्षांची मुले, खिचडी आणि ट्रॅकर उरेल, आणि भिंत पहिलीच्या दारातून उचलून एक वर्ष अलीकडे बांधली जाईल. महिला व बालविकास विभागाने एकट्याने लिहिले तर शिक्षण पुन्हा सहा सेवांच्या शेवटी जाईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची दारे सेविकांना नियमाने उघडणे, दोन्ही विभागांनी एकच पात्रतेची शिडी मान्य करणे, आणि बालवाटिकेच्या पदांवर पदविका पूर्ण करणाऱ्या सेविकांना पहिला हक्क देणे, या तीन गोष्टी त्या नियमांत शिरल्या तर पुढच्या दहा वर्षांत पदविकेला विद्यार्थिनी मिळतील आणि महाविद्यालयांना ती चालवावीशी वाटेल. नाही शिरल्या तर पुढच्या प्रशिक्षणाचे दिवस तीनचे चार होतील.